येवल्याची आसारी

१४ जानेवारी

हात दाखवून अवलक्षण! दुसरा शब्द नाही.

सकाळी सातला गच्चीवर गेलो, मी, सलील आणि आभा. अकरा पतंग, तिळगुळाचा डबा आणि माझी आसारी. सलीलच्या बँकेने इकडे बालीगंजला बदली केली तेव्हा कपबशा ट्रकमध्ये टाकल्या, फुटल्या तर फुटल्या म्हटलं. पण येवल्याची ही बांबूची मोठी फिरकी मी रेल्वेत मांडीवर धरून आणली होती.

आकाशात पतंग नाही. एकही! वाटलं, आपणच लवकर आलो. साडेसात झाले, आठ झाले. बालीगंजवर नुसत्या घारी. वारा तर असा छान की घरी बसवेना. मी म्हटलं, उडवू या तरी. उडवला. एकटाच. कापायचं कुणाला?

तिसऱ्या मजल्यावरचे मित्राबाबू चादरी वाळत घालायला आले ते बघतच राहिले. मला बौदि, म्हणजे वहिनी म्हणतात. "बौदि, आज घुड़ी कौन उड़ाता है? हमारे यहाँ तो विश्वकर्मा पूजा में उड़ाते हैं. सितंबर में!"

सप्टेंबरात! भर पावसाळ्यात पतंग! आणि आम्ही शहाणे संक्रांत म्हणून नाचत वर आलो. विचारायचं तरी कुणाला तरी आधी.

तोवर गल्लीपलीकडच्या गच्चीवर तृणा आली, आभाच्या वर्गातली, इथली तिची एकुलती एक मैत्रीण. बरोबर चार-पाच पोरं. हसत होती. फोन वर धरलेला.

आभा म्हणाली, "आई, खाली चल ना. प्लीज. सगळे बघतायत." मी म्हटलं, बघू देत. ती एकटीच जिना उतरून गेली. तिळगूळही खाल्ला नाही.

१५ जानेवारी

व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर फिरला. "तुझी आई मॅड आहे का, असं विचारलं मला." एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं.

मला लागलं. फार लागलं. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. तेरा वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटावी!

मग डोळे पुसले. सप्टेंबर ना? ठीक आहे, सप्टेंबर. त्या दिवशी ह्या मुलीने मान वर करून सगळ्यांना सांगितलं पाहिजे, ती माझी आई.

२ फेब्रुवारी

रविवार. नाशिकला, नंतर नागपूरला, प्रत्येक हिवाळ्यात आमचा हाच खेळ. सलील आसारी धरणार, आभा पतंग घेऊन लांब जाणार आणि वारा बघून सोडणार, मी उडवणार. आज हाक मारली तर म्हणते, "मला नाही आवडत पतंग." चौथ्या वर्षी माझ्या मांडीवर बसून कण्णी बांधायला शिकलेली पोरगी! ढील कशी द्यायची ते पाचव्या वर्षी कळलं होतं तिला. मी बोटांवर तिची बोटं ठेवून शिकवलं होतं.

सलील म्हणाला, "सोड ना आता, देवयानी."

सोडते काय!

२३ मार्च

इथले पतंग आणले. चपळ आहेत. बोट हललं की वळतात. तीन फाडले.

८ जून

मित्राबाबूंना गुरू केलं. बासष्ट वर्षांचा माणूस, पण पतंग म्हटलं की गुडघेदुखी विसरतो. इथे खेचून कापतात. मांज्याला मांजा लागला की सपासप आपल्याकडे ओढायचं. आमचं येवल्याचं उलट. ढील द्यायची, दोरा सैल सोडत जायचा, समोरचा आपल्याच जोरात घासून तुटतो. मित्राबाबू म्हणतात, "इतना धीरज किसके पास है, बौदि?" माझ्यापाशी आहे. सासरी पंधरा वर्षं काढली आहेत.

घामाने भिजून खाली आले. आभाने बघितलं आणि पंखा वाढवला.

१९ जुलै

रोहनने येवल्याहून मांजा पाठवला. साध्या सुताचा, नायलॉनचा नाही. चिठ्ठीत लिहिलंय, "ताई, माहेरचं नाव घालवू नकोस." भाऊ आहे की वैरी!

३० ऑगस्ट

आभा हल्ली शाळेतून आली की तृणाकडे. अभ्यास म्हणे. दोघींचं पुन्हा जमलं हे बरंच झालं. मुलीला शहर सापडलं. मी चांगली आई असते तर नुसता आनंद झाला असता. पण थोडा पोटशूळही उठतो, खोटं कशाला लिहू.

१६ सप्टेंबर

संध्याकाळी विचारलं, "उद्या येशील ना वर?" म्हणाली, "मी तृणाकडे जाणार आहे. ठरलंय आमचं." बरं म्हटलं. आवाज नीट निघाला बहुतेक.

तिच्या गच्चीवरून तरी दिसेनच की मी!

१७ सप्टेंबर

काय दिवस होता!

सकाळी भुरभुर, नऊला उघडलं, आणि आकाश असं भरलं की घारींनाही जागा नाही. प्रत्येक गच्चीवर माणसं, स्पीकर, ओरडा. सलीलने बँकेतून अर्धी रजा घेतली. आसारी त्याच्या हातात, मांजा माझ्या. पहिला लाल कापला. मग दोन पांढरे. मग एक भलामोठा काळा, तेव्हा मित्राबाबू "भोकाट्टा!" असे ओरडले की त्यांच्या मिसेस वर धावत आल्या. अकरापर्यंत सहा. खालच्या पोरांनी माझ्या नावाने ओरडायला सुरुवात केली, "आंटी! आंटी!" जानेवारीत हसणारी हीच की!

तेवढ्यात हिरवा आला. पलीकडच्या गच्च्यांमधून कुठून तरी, पाण्याच्या टाकीआडून. उडवणारं दिसत नव्हतं. पण हात पक्का. माझा पतंग खाली घसरला तर तो थांबला. मी खेचलं तर त्याने ढील दिली. ढील! इथे ढील देणारं कोण आलं?

सलील म्हणाला, "देवयानी, तो राहू दे ना."

"का? पाहुणा आहे?"

"नको ग. दुसरा कुठला तरी घे."

ऐकते कुणाला! पंधरा मिनिटं चाललं. खांदा भरून आला, बोट कापलं. दोनदा वाटलं, गेले मी. मग वाऱ्याचा झोत आला, मी सोडतच गेले, सोडतच गेले, आणि हिरवा लुळा पडला. गिरक्या घेत रेल्वेलाइनच्या दिशेने गेला.

भोकाट्टा! घसा बसेपर्यंत ओरडले मी. नाचले. मग समोरच्या गच्चीवर आभाला शोधलं, तिने बघितलं का म्हणून. दिसली नाही. तृणा होती, पण ती हसत नव्हती.

आभा संध्याकाळी आली. डोकं दुखतंय म्हणाली, जेवून झोपली. सलील दोनदा तिच्या खोलीत डोकावून आला. त्याला म्हटलं, बायको जिंकली तर तोंड का पाडतोस?

१८ सप्टेंबर

हिरवा आभाचा होता. शेवटी सलीलनेच सांगितलं. जूनपासून तृणाच्या गच्चीवर शिकत होती. मला सांगायचं नाही असं सलीलकडून वचन घेतलेलं. त्या सगळ्या पोरांना तिने सांगून ठेवलं होतं, आज माझ्या आईशी मी खेळणार.

सकाळी दूध पिताना तिने विचारलं, "ढील बघूनसुद्धा ओळखलं नाहीस मला?"

नाही म्हणाले. खरंच नव्हतं ओळखलं.