आज नंबर नाही आला

सोम., ६ ऑक्टो.
ऑफिसचा बिल्ड सर्व्हर, कोड घेऊन ॲप बांधणारा, सकाळी परत अडकला. रोजचंच. चालू झाला की कोडच्या खात्यात लॉगिन मागतो आणि ओटीपी जातो उत्तनला, बाबांच्या मोबाईलवर. खातं उघडताना वेगळा नंबर हवा होता, माझा आधीच वापरलेला, म्हणून त्यांचा घातला. वैताग नुसता.

फोन केला. "आलाय गो नंबर. लिव." एकेक आकडा ओरडून. "झाला?" "झाला." संपलं.

नवऱ्याला सोडून सिल्व्हर पार्कला भाड्याने राहायला आले तेव्हापासून आमचं बोलणं एवढंच. "लोकांना तोंड कसं दाखवू" म्हणाले होते. माझ्या तोंडाकडे बघितलं का कुणी? माझा राग अजून गेलेला नाही. जात नाही मी तिकडे.

बुध.
मॅनेजरला कळलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, "आपका सर्वर पापा से पूछके चलता है?" हसले मेले. शुक्रवारपर्यंत सर्व्हरला स्वतःची 'की' द्यायची, म्हणजे डिजिटल किल्ली, फक्त कोड वाचण्यापुरती. ओटीपी बंद, मध्ये माणूस नको. बरोबरच आहे त्याचं. मग मला का नको वाटतंय?

गुरु.
नंबर सांगून झाल्यावर बाबांनी फोन ठेवला नाही. "बोंबील वाळत घातलेत." मी नुसतं "बरं" म्हटलं. बरं काय, गाढव! विचारायचं ना, जेवता का नीट, गुडघा कसाय...

शुक्र.
किल्ली बनवली, सर्व्हरवर ठेवली, तिची जोडीची दुसरी किल्ली कोड ठेवतात तिथे नोंदवली. आधी चालेना. भलत्याच प्रोजेक्टला जोडलेली. मुद्दाम केलं का मी? नाही. बहुतेक नाही. संध्याकाळी चालली. जुनं खातं बंद, बाबांचा नंबर काढून टाकला. चॅटवर मॅनेजरचा अंगठा आला. बाथरूममध्ये जाऊन रडले.

सोम., १३ ऑक्टो.
बिल्ड आपोआप झाली. कुणाला काही विचारावं लागलं नाही. चहा निवला.

तेवढ्यात बाबांचाच फोन. स्वतःहून! मला वाटलं, पडले की काय.

"आज नंबर न्हाय आला गो."

आता येणारच नाही, हे सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, "सर्व्हर बिघडलाय बाबा. येईल."

"हां. मंग बसतो फोन घेऊन. कुठं जात न्हाय."

खोटं बोलले. उद्या कुठला नंबर पाठवू यांना, देवा?