इंग्लंडची अकरा गिऱ्हाईकं

प्रिय लरीबा,

पत्र बघून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतेस, मी चिडते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून कागद.

आधी रागाचं सांगते. इंग्लंडात लीड्सला नर्स म्हणून जाण्याआधी तू आपल्या बायकांच्या टोपल्यांची साइट सुरू करून दिलीस, त्याला दोन वर्षं झाली. दोन-तीन महिन्यांपूर्वी एकाच महिन्यात तिच्यावर नऊशे माणसं येऊन गेली. जर्मनी, जपान, कॅनडा, कुठकुठली. यायची, लाल-काळ्या पट्ट्यांची टोपली चारी बाजूंनी निरखायची, निवडायची, पैसे भरायच्या पानापर्यंत जायची आणि तिथून नाहीशी व्हायची. आपल्या इथे बोल्गाच्या बाजारात गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं, तर आपण 'अहो बाई, थांबा, तुमचा भाव तरी सांगा' म्हणून हाक मारतो. इथे हाक मारू कोणाला? असीबी काकू तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "तलाता, तुझी गिऱ्हाईकं भुतं आहेत का गं? दारापर्यंत येतात, पाऊल काही उमटत नाही!" बायका गवत वळता वळता खो खो हसल्या. मीही हसले आणि आत जाऊन पातेलं आपटलं.

मी काय काय करून पाहिलं! सकाळच्या उन्हात नवे फोटो काढले. प्रत्येक टोपलीखाली विणणारीचं नाव घातलं. भाव पाचव्या हिश्शाने उतरवला. माणसं वाढली आणि सगळी त्याच पानावरून परत गेली. इकडे तो टोपल्यांचा दलाल दर बाजाराला अंगणात येऊन बसतो. ज्वारीच्या पितो-दारूचा वाडगा आपल्याकडूनच घेतो आणि वर म्हणतो, "नाताळपर्यंत खेळा तुमचा खेळ, मग माल माझाच आहे." त्याच्या भावातून गवताचे पैसे वजा केले की हातात धूळ उरते. आपल्या विणणाऱ्यांतल्या अझुमाने मला चोरून त्याला बारा टोपल्या दिल्या. मी पाहिलं. तिला काय म्हणून थांबवू?

तोवर दोन वर्षांत विकत घेणारी माणसं अकरा, सगळी इंग्लंडची. आईला त्यांची नावं पाठ आहेत. "ही रोझमंडच्या पसंतीची, तिला निळा आवडतो," असं म्हणत ती विणायची. चर्चमध्ये आधी त्या अकरांसाठी प्रार्थना करायची, मग आपल्यासाठी. दलालाला एकदा म्हणाली, "तू दुसरीकडे बघ बाबा, माझी गिऱ्हाईकं परदेशात आहेत." काय मान ताठ होती तिची तेव्हा!

मग मला वाटलं, न घेणाऱ्यांना विचारता येत नाही, तर घेणाऱ्यांनाच विचारू. ऑर्डरवर रोझमंड हार्डकॅसल बाईंचा नंबर होता. बोल्गाच्या रस्त्यावर एका झाडाखाली उभी राहून मी फोन लावला आणि कोण, कुठली ते सांगितलं. बाई मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. म्हणाल्या, "खरं सांगू का मुली? मी मध्यंतरी तुमच्या साइटवर आणखी एक टोपली घ्यायला गेले होते. बत्तीस पौंड, आवडली. पत्ता लिहिला, नंबर लिहिला आणि अगदी शेवटच्या पानावर कळलं की पाठवणावळ एकेचाळीस! टोपलीपेक्षा टपाल महाग. गोड बोलून घरात घेतलं आणि मागून कडी लावली, असं वाटलं मला. निघून आले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठवणावळ आधी सांगितली तर लोक पळतील, हे तुझं-माझं दोघींचं शहाणपण.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बाजारात नेताना आपण एकेक टोपली डोक्यावर नेतो का? एकात एक घालतो ना?" तेवढ्यावर सगळं बदललं. लहान, मधली, मोठी अशा तीन टोपल्या एकात एक, एकच पार्सल, आणि पहिल्याच पानावर पाठवणीसकट एकच किंमत. असीबी काकू ओरडली, "एवढा आकडा बघून उंबऱ्यावरूनच पळतील!" पळालेच. निवडणारी माणसं निम्म्याने कमी झाली. पण जी राहिली त्यांच्यातल्या चौघांनी पाच आठवड्यांत पैसे भरले. एक ओसाकाची बाई, एक ब्रेमेनचा दातांचा डॉक्टर, दोघं कॅनडाचे. हजारभर माणसांत चार! राग अजून गेलेला नाही माझा. दलाल अजून येतो. पण अझुमाने तेव्हापासून त्याला एकही टोपली दिलेली नाही.

आता त्या फोनवरचं उरलेलं बोलणं. मी बाईंना विचारलं, "मग पहिली टोपली कशी घेतलीत?" त्या म्हणाल्या, "मी नव्हती घेतली गं. लरीबाने दिली वाढदिवसाला. माझं नाव-पत्ता वापरू का, असं विचारलं होतं तिने. तुला माहीत नाही?" मी फोन ठेवला आणि तडक घरी आले. मग अकराही पत्ते नकाशावर शोधून पाहिले. सगळे तुझ्या इस्पितळाच्या आसपासचे. किती जादा पाळ्या केल्यास गं? गेल्या थंडीत नवा कोट घेतलास का, असं विचारलं तर जुनाच ऊबदार आहे म्हणालीस. आईपासून लपवणं मला जमलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि त्या दिवशी हातात गवत धरलं नाही. आज सकाळी पुन्हा लीड्सची ऑर्डर आली, कुणा मार्गारेटच्या नावाने. ती मी रद्द केली. पैसे पत्राच्या आधी तुझ्याकडे परत पोचतील. ते का आले, हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून एवढं लिहिलं. यापुढे प्रत्येक वेळी परत करीन. रागावलीस तर रागाव. आईने निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहिते: "त्या इंग्लंडला म्हणावं, गिऱ्हाईक नको, आता पोरगी पाठव."

तुझीच, तुझ्यावर चिडलेली,
तलाता