गाडी नाक्यावरून गेली

३ फेब्रुवारी, मंगळवार

आणली बाई एकदाची ती टोलची पट्टी! महिनाभर यांचं एकच तुणतुणं — "सुटे पैसे द्यायला काय हात झिजतात का?" रोखीची रांगच बंद होणार म्हटल्यावर निघाले मुकाट्याने.

काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर विचारला, तेव्हा हे बाहेर होते. गाडीला कुणी घासून तर जात नाही ना, ते बघायला! म्हणून मी माझा नंबर दिला. "काकू, गाडी नाक्यावरून गेली की दर वेळी तुम्हाला मेसेज येईल." कुठला नाका, कुठल्या बाजूने, सगळं! मी दोनदा विचारून घेतलं. पट्टी बघावी तर कागदासारखी पातळ. ना बॅटरी, ना वायर. आणि तिला म्हणे मशीन लांबूनच ओळखतं!

४ फेब्रुवारी

हे ती काचेवर लावूच देत नाहीत. "डाग पडेल." गाडी म्हातारी झाली, पण तिच्यावर बोट उमटलं तरी यांचा जीव कळवळतो.

याच गाडीपायी दोन वर्षांपूर्वी घर फुटलं. लेकीने विमा कंपनीतली नोकरी सोडली. पुलापलीकडच्या गावात लाकडी खेळणी बनवायचा छोटा कारखाना काढणार म्हणाली, आणि सामान न्यायला गाडी मागितली. हे कडाडले — "असल्या पोरखेळाला माझी गाडी मिळणार नाही. हात लावायचा नाही तिला!" ती टेम्पो बोलावून निघून गेली. "बाबा बोलावतील तेव्हाच येईन." तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नाही. तिचा फोन मला येतो. मी बोलत असले की हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. त्या दोघांनी एकदा बोलावं, एवढंच हवंय मला. दुसरं काही नको.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज फजिती! यांच्या मावसबहिणीकडे निघालो. पट्टी चिकटवायची नाही, मग मी हातात धरायची असं ठरलं. दुमडू नये म्हणून मी ती स्टीलच्या चपट्या डब्यात ठेवली आणि नाक्यावर डबा काचेला टेकवून बसले. अडसर ढिम्म! मागून हॉर्नवर हॉर्न. नाक्यावरचा माणूस धावत आला, डबा उघडून बघितला आणि हसतच सुटला. "काकू, डब्यातलं दिसत नाही मशीनला! काका, ही काचेवरच लावायची असते." त्यानेच आरशामागे चिकटवून दिली. यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण परत येताना — काय सांगू! गाडी जवळ गेली आणि अडसर आपसूक वर! कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. अंगावर काटाच आला माझ्या. यांनी सवयीने काच खाली केली आणि रिकाम्या केबिनला "थँक यू" म्हणाले! तेवढ्यात माझा फोन वाजला. आपली गाडी नाक्यावरून गेली, असा मेसेज. इतक्यात कळलंसुद्धा त्याला! हसण्याच्या नादात यांना सांगायचं राहूनच गेलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सर्व्हिसिंगला नेतो म्हणून हे सकाळीच गाडी घेऊन गेले. मी कपडे वाळत घालत होते. मेसेज आला. पुलावरचा नाका!

पुलापलीकडे आमचं दुसरं आहे कोण?

उशीची ओली खोळ हातातच राहिली.

दुपार उलटल्यावर परतीचा मेसेज, आणि मग हे.
"झालं सर्व्हिसिंग?"
"झालं. गर्दी होती."
बाह्यांना लाकडाचा भुसा! सर्व्हिसिंगला भुसा कधीपासून लागायला लागला? मी आत जाऊन दार लोटलं. लेकीला फोन केला. "विशेष काही नाही गं आई, नेहमीचंच." दोघं एकाच माळेचे मणी!

१३ फेब्रुवारी

भांडी विसळताना मध्येच रडू आलं. आनंदाचं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुन्हा पूल! उगाच त्या यंत्राचं कौतुक करत बसले होते मी. इतक्या वर्षांच्या संसारात "माझं चुकलं" हे शब्द या माणसाच्या तोंडून ऐकले नाहीत. आणि तो आपल्या पायांनी तिच्या दारात गेला! मी बघतच राहिले दिवसभर फोनकडे.

पण परतीचा मेसेज आलाच नाही. हे बसने आले. "गाडी गॅरेजमध्ये ठेवलीय, काम निघालं जरा." खोटं! गाडी पुलापलीकडेच आहे. का ठेवली? पुन्हा वाजलं की काय दोघांचं? विचारावं तर माझं बिंग फुटणार. जीव नुसता टांगणीला लागलाय.

२२ फेब्रुवारी, रविवार

आत्ता मेसेज आला. गाडी पुलावरून निघालीय — इकडच्या दिशेने!

हे तर माझ्यासमोर खुर्चीत. केव्हापासून पेपरचं एकच पान धरून बसलेत.

मी म्हटलं, "जेवायला तीन ताटं घेऊ?"

पेपराआडून आवाज आला, "घे."