एस्तेरसाठी लिहिलेला कन्चेर्टो

९ जाने. १९४४, नगर
एस्तेर मुंबईहून आली. कन्चेर्टोचे दोन भाग झालेत, तिसरा अडलाय. हेडमास्तर विचारत होते, हे नेमकं असतं काय. म्हटलं, पुढं एकटी एस्तेर, मागं सगळा वाद्यवृंद. आमच्या मिशन शाळेत तिच्या हातात पहिलं व्हायोलिन मीच दिलं. आज ती वाजवते ते मला या जन्मी जमणार नाही. लिहिलंय ते तिच्याच हातासाठी.

११ जाने.
तिनं दुसरा भाग वाजवला. मी मधे उठून खिडकीशी गेलो, राहवेना. फक्त वरचे सूर किंचित उतरलेले. तिचे? म्हणाली, "सर, करंगळीला तार लागते, पण कळत नाही." थंडीनं असेल, म्हणालो.

१५ जाने.
तीच करंगळी चुलीशी भाजली. फोड आला तरी पत्ता नाही. आईला दिसला.

१८ जाने.
दवाखाना. डॉक्टरबाईंनी तिला डोळे मिटायला लावून बोटांवर कापूस फिरवला. करंगळी आणि शेजारचं बोट, काही नाही. कोपराजवळची शीर सुजलेली. महारोग.
तिची आई सगुणाबाई, सोनईची. एवढंच म्हणाली, "वाजवन्यापुरती तरी ऱ्हातील का वो बोटं?" डॉक्टरबाई हात धूत होत्या.

६ फेब्रु.
महारोगावरच्या तेलाची इंजेक्शनं सुरू. आज चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. मी बसलो. घरी आल्यापासून बायको बोललेली नाही.

२० फेब्रु.
करंगळी लागणार नाही असा पहिला भाग पुन्हा लिहिला. तिनं वाजवून पाहिला. व्हायोलिन पेटीत ठेवलं. "सर, हा माझा नाही."

५ मार्च
तिला गावाबाहेर, रोग्यांच्या आश्रमात हलवलं. मुंबईच्या वाद्यवृंदाच्या कंडक्टरचा निरोप आलाय: दुसरा वादक मिळालाय, लिहून झालंय तेवढं पाठवा.

१९ मार्च
आश्रमात गेलो. निंबाखाली बसलो, जरा अंतर ठेवून. अंतर तिनंच ठेवलं. मुंबईचं सांगितलं. ती म्हणाली:
"द्या की. वाजायला तर हवा."
मग म्हणाली, दुसरा भाग म्हणा. मी गुणगुणू लागलो. तिची डावी बोटं उजव्या हातावर चालायला लागली. करंगळी कुठं पडते ते तिला बघावं लागत होतं. मग तिनं बघायचं सोडून दिलं. मी म्हणत राहिलो, शेवटापर्यंत.
मुंबईला अजून काही कळवलेलं नाही.