मामाच्या गिटारीचा रंग

तामनरासेत,
३ सप्टेंबर १९९९

ल्योंकर साहेब, म्हणजे आमचे मामेभाऊ रिसा यांस,
गॅरेजातून अमूदचा सलाम. वि. वि.

आम्ही जिवंत आहोत. तू विचारलं नाहीस तरी सांगतो. दोन ईदा गेल्या, तुझी चिठ्ठी नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, तिकडच्या थंडीनं त्याची बोटं गळाली, आता नाकानं गिटार वाजवतो. मामीला ते खरं वाटलं. तिला गप्प करताना माझी पुरेवाट झाली.

बातमी अशी की तेहितचं लग्न ठरलं. खजूर उतरले की वरती ताझरूकला तिचा तंबू उभा राहणार. मुलगा इदेलेसचा. उंच आहे, बोलत काहीच नाही. तुझी बहीण दोघांचं मिळून बोलेल. तू यायचंस. नवरीचा भाऊ आला नाही तर बायका ढोलावर त्याच्या नावानं काय काय गातात ते तुला मी सांगायला नको.

दुसरं म्हणजे, लग्नात बाबांचीच गिटार वाजली पाहिजे असा तेहितचा हट्ट आहे, आणि ती अशा अवतारात नको. नवा तंबू, नव्या चटया, नवे कपडे, आणि गिटार तेवढी खरूज झालेल्या बकरीसारखी? मामा गेल्यावर तू ती माझ्या अंगावर टाकून विमानात बसलास, त्यामुळे विचारायची गरज नाही. तरी विचारतो. घरीच रंगवीन, गॅरेजात हात बसलाय माझा.

लोभ तिकडे बर्फात गोठला नसेल असं धरून चालणारा,
अमूद

*

ल्यों,
१९ सप्टेंबर

प्रिय अमूद यास, रिसाचे अनेक सलाम.

घाईत लिहितो. गिटारला हात लावू नकोस. रंग तर नाहीच, धूळसुद्धा पुसू नकोस. आमची गाणी बाजारात आणणारे मोर्लसाहेब आहेत, त्यांना मी तिचा फोटो दाखवला. ते तो उजेडात धरून बघायला लागले. म्हणाले, या ओरखड्यांत तुमचं सगळं वाळवंट आहे. आमच्या नव्या रेकॉर्डच्या वेष्टनावर तीच येणार, आणि नंतर ते ती त्यांच्या दालनात काचेमागे लावणार. बाबांच्या गिटारला याहून मोठा मान कुठला?

त्यांचा माणूस दोनेक आठवड्यांत तुझ्याकडे येईल. पोत्यात गुंडाळून जशीच्या तशी दे. लग्नाला दुसरी कुठलीही चालेल, तेहितला तू समजाव. मला येणं जमणार नाही, तेव्हाच आमचे कार्यक्रम लागलेत. आईला सांग, बोटं शाबूत आहेत.

तुमचा लोभ आहेच, तो कुठे जातो,
रिसा

*

तामनरासेत,
४ ऑक्टोबर

होणाऱ्या नवरीबाई तेहित यांस,
अमूदचा वाकून सलाम. वि. वि. (लग्न होईपर्यंतच वाकणार.)

तुझ्या भावाचं पत्र सोबत पाठवतोय. मामीला वाचून दाखवू नकोस. मी ते वाचलं आणि हातातला पाना भिंतीवर मारला, तो उलटून माझ्याच नडगीवर बसला. त्याचाही हिशेब तुझ्या भावाच्या नावावर. 'दुसरी कुठलीही चालेल' म्हणे. नवरासुद्धा दुसरा कुठलाही चालेल का ते विचारायचं राहिलं त्याचं.

तू चिडू नकोस, चिडायला मी पुरेसा आहे. गिटार रंगवून झाली.

तारा उतरवल्या, मागचे चार स्क्रू काढून मान वेगळी केली, आतल्या विजेच्या तारांची जुळणी कागदावर काढून ठेवली आणि अंगावर सँडपेपर धरला. काळा रंग निघाला तर खाली लाल. लाल घासला तर खाली पांढरा. त्या लाल रंगात ब्रशाचे केस अडकलेले होते गं. कंपनीत कोण ब्रशानं रंगवतं? मी आईला दाखवलं. ती म्हणाली, लाल त्यानं स्वतःच्या लग्नात दिला आणि काळा तू झालीस तेव्हा. मामाच आनंदाच्या वेळी तिला नवे कपडे घालत होता. आणि तुझा भाऊ म्हणतो हात लावू नकोस.

मग मला कोण अडवणार? दवाखान्याच्या जीपचा हिरवा उरला होता. पहिला हात मारून अंगणात टांगली तर वारा सुटला आणि वाळू चिकटली. पोळीला तीळ लावतात तशी दिसत होती. परत सगळं घासलं. मग गॅरेजमागचा बंद पडलेला फ्रीज आठवला. आतल्या फळ्या काढल्या, ओल्या फडक्यानं पुसला, गिटार तारेनं आत टांगली, दार लावलं. धुळीचा कण नाही. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये बारीक सँडपेपरनं पाणी लावून घासत गेलो. आता अशी चमकते की तुझा मुका नवरा तिच्यात स्वतःला बघून बोलायला लागेल.

राहिला मोर्लचा माणूस. बेकरीवाल्याच्या पोराकडे तसल्याच आकाराची, तसलीच काळी चिनी गिटार होती. पोराला कधी सूर लागला नाही, त्यानं आनंदानं दिली, त्याच्या बापानं त्याहून आनंदानं. ती मी वादळाच्या दिवशी टोयोटाच्या नाकाला बांधून फिरवली. मग बकरीची चरबी, चहा, सिगारेटचे चटके. पट्टा बकरीकडूनच चघळून घेतला. मोर्लच्या माणसानं ती लेकरासारखी उचलून नेली.

रिसा हातात घेईल तेव्हा क्षणात ओळखेल आणि मला अशा शिव्या लिहील की टपालवाला पत्र चिमट्यानं आणेल. मी वाट बघतोय. निदान तेवढ्यानं तरी तो इकडचं काहीतरी मनापासून लिहील.

तुझ्या लग्नातल्या बकऱ्यावर लोभ ठेवून असलेला,
अमूद

*

ल्यों,
१८ ऑक्टोबर

प्रिय अमूद, सलाम.

गिटार पोचली. तुझे उपकार कसे फेडू? मी ती छातीशी धरली आणि माझा मी राहिलो नाही. बाबांच्या तंबाखूचा वास अजून तिच्यात आहे. मानेवर त्यांच्या अंगठ्यानं झिजून पडलेला खळगा आहे, त्यात मी माझा अंगठा ठेवला. बाबाच हात धरून बसलेत असं वाटलं.

परवा भरल्या सभागृहात मोर्लसाहेबांनी ती माझ्या हातात दिली. मी लोकांना बाबांची सगळी कहाणी सांगितली, लिबियातून त्यांनी ती ट्रकमध्ये पाण्याच्या पिंपांमागे लपवून कशी आणली ते. पुष्कळ जण रडले. तू रंगवली असतीस तर हे सगळं गेलं असतं.

तेहितला माझा आशीर्वाद. लोभ वाढावा.
रिसा

*

तामनरासेत,
२८ ऑक्टोबर

रिसा,

सलाम आहे, पण वि. वि. वगैरे काही नाही. विनंती संपली आणि विशेष काय ते खाली आहे.

तो खळगा मी कानशीनं पाडला. मांडीवर घेऊन, चहा पीत. तंबाखूचा वास हमाद पंक्चरवाल्याचा, त्याच्या कोटात दोन दिवस गुंडाळून ठेवली होती. ती बेकरीवाल्याच्या पोराची गिटार आहे. मामानं ती कधी बघितलीसुद्धा नाही. तू त्या पोराच्या गिटारीला धरून रडलास आणि सभागृहभर लोकांना रडवलंस.

मला वाटलं होतं मी खूप हसेन. गॅरेजात सगळ्यांना बोलावून तुझं पत्र वाचायला घेतलं, आणि खळग्यापर्यंत आलो तेव्हा घडी करून खिशात घातलं. म्हणालो, काही नाही, त्याला सर्दी झालीय.

अरे, तू तिच्यावर शिकलास. बोटं फुटेपर्यंत. मामा रात्री तुझ्या बोटांना तूप लावायचा. डोळे झाकून तुझ्या मांडीवर ठेवली तरी तिचं वजन तुला कळायला पाहिजे होतं. ओरखडे बघितलेस तू, मोर्लसाहेबाच्या डोळ्यांनी. ते ओरखडे वाळूनं काढलेत आणि पट्टा बकरीनं चघळलाय.

खरी गिटार इथं आहे, हिरवीगार. खाली तुझ्या बापाचे दोन रंग होते, दोन्ही त्यानं स्वतःच्या हातानं दिलेले, एक लग्नात आणि एक तेहित झाली तेव्हा. तिसरा मी दिला. काल गाडीच्या बॅटरीवर स्पीकर लावून तिला जोडला आणि वाजवली. मामी वरून, ताझरूकहून आली होती, आत पीठ मळत होती. ती बाहेर आली नाही. तिला रंग दिसतच नव्हता. तिथूनच माझ्या आईला म्हणाली, "त्याला सांग, पाणी पिऊन मग वाजव." मामाला सांगायची तसं. नंतर तिलाच कळलं आणि ती पीठ मळत राहिली.

तिनं भिंतीआडून ओळखली, रिसा.

आता मोर्लला काय सांगायचं ते तू बघ. खरं सांगितलंस तर तो तुला हाकलेल, नाही सांगितलंस तर बेकरीवाल्याचं पोरगं जन्मभर काचेमागे राहील. मला दोन्ही चालतं. लग्न पुढच्या महिन्याच्या मध्याला आहे. गिटार मी वाजवणार नाही. मी गॅरेजवाला, मला चार गाणी येतात. तंबूपुढे चटईवर ठेवणार, तारा लावून, बॅटरी जोडून. तू आलास तर वाजेल. नाही आलास तर बायका ढोल वाजवतील आणि तुझ्या नावानं जे गायचं ते गातील, आणि मी त्यांना ओळी पुरवीन.

आपल्यात मामेभावानं आतेभावावर रागवायचं नसतं, काहीही केलं तरी. ती सवलत मी स्वतः रद्द करतो. मला मार, शिव्या दे, सगळ्यांसमोर दे. पण रागावून तरी ये.

लोभ नसला तर नसू दे, तो राग तेवढा कुणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.
अमूद