माझ्या नावाची साडी

प्रिय ताई,

आणि वर म्हणे, "मन्याला त्रास नको"! मला त्रास होतो असं कुणी सांगितलं तुला? मस्कतच्या बंदरात क्रेन चालवतो मी. लहान पोर आहे का?

इतके दिवस मी भावजींवर चिडून होतो. तू दवाखान्यात होतीस हेही मला ठाऊक नव्हतं. तू गेलीस, सगळं उरकलं, मग त्यांचा फोन आला. पण काल तुझ्या नर्सिंग कॉलेजातली प्राजक्ता फोनवर रडत म्हणाली, "दादा, मॅडमनीच आम्हाला शपथ घातली होती. तुम्हाला कळवायचं नाही." म्हणून लिहितोय. तूच, ताई?

पोरींना काय शिकवायचीस, विसरलीस? मागच्या सुट्टीत मला पनवेलला नेऊन वर्गातल्या खाटेवर झोपवलंस. "हा पेशंट. गव्हाण गावचा. याला पहिलं काय विचाराल?" एक पोरगी म्हणाली, "ताप." मी म्हणालो, "आधी जेवण विचार गं बाय!" केवढ्या हसलात सगळ्या!

मग तू सांगितलंस, "आमच्यात सवाष्ण बाई गेली की भाऊ माहेरची साडी आणतो. ती अंगावर पडल्याबिगर तिला न्यायचं नाय. म्हणून वॉर्डात मयत गुंडाळायची घाई करू नका. आधी विचारा, हिचा भाऊ कुठं हाय?" मी डोळे मिटून ऐकत होतो. सातवी नापास माणूस, पण काय फुगलो होतो सांगू!

आणि तुझ्या वेळी?

भावजींनी बाजारातून साडी आणली आणि चारचौघांत सांगितलं, "भावानं पाठवलीय." माझ्या नावाची साडी अंगावर घेऊन गेलीस, आणि तिचा रंगसुद्धा मला ठाऊक नाही.

प्राजक्तानं तुला विचारलं होतं ना, "मॅडम, तुमचा भाऊ कुठे आहे?" तुझाच धडा! तर तू म्हणालीस, "त्याला सुट्टी नाय." अगं, सुट्टी मी मागायची होती. तू कोण नाही म्हणणारी? नोकरी गेली असती तर गेली असती!

माझा राग जायचा नाही, सांगून ठेवतो. पण तुझ्या पोरींवर नाही. प्राजक्ताला म्हटलंय, वॉर्डातल्या बाईचा भाऊ कितीही लांब असू दे, तिनं शपथ घातली तरी तू फोन लाव. परदेशात लागेल असा रिचार्ज दर महिन्याला मी भरीन, हा माझा शब्द. या महिन्याचे तिला पाठवतोय, पंधराशे रुपये.

तुझाच,
मन्या