पडद्याच्या मागच्या बाजूला

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं तर ऐकणारा तू नाहीस. तुझ्या बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं असं सूनबाईने कळवलं, पण थेंब वेळच्या वेळी घालते ना ती? सूनबाईची पाठ काय म्हणते? नातीचा खोकला थांबला का? बरं, सगळ्यांचं विचारून झालं. आता तुझ्यावर चिडायला मी मोकळी.

बाजारपेठेतल्या विसरलेल्या थिएटरांवर तू पेपरात लिहितोस, त्याची कात्रणं शेजारीण आणून देते. पहिले दोन लेख फार आवडले. बेकरीच्या माळ्यावर तिकिटाची खिडकी निघाली, चपलांच्या दुकानाचा पत्रा उचकटला तर मागे नक्षीची कमान. मी शेजारपाजारच्यांना कौतुकाने वाचून दाखवलं. तिसरा लेख आपल्या थिएटरचा. तो वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा मशीनचं हँडल फिरवायचे, ते झकास रंगवलंस. आणि आई? ‘आमची आई निरक्षर, घरकामात बुडालेली.’ पडद्यामागची खोली म्हणे गोदाम! अरे, त्या गोदामात निम्मं शहर बसायचं. पडदा पाण्याने ओला करायचे, म्हणजे चित्र आरपार दिसायचं. पुढच्यांना सुलट, मागच्यांना उलट, म्हणून मागचं तिकीट स्वस्त. सिनेमा तेव्हा मुका. मधेमधे पडद्यावर अक्षरं यायची, तीही मागून उलटीच. ती मोठ्याने वाचून दाखवायला आई उभी असायची, खेळ संपेपर्यंत, तुला कडेवर घेऊन. हे मी तुला एकदा नाही, शंभरदा सांगितलंय. विसरलास म्हणू नकोस. तू ते गाळलंस.

पुढच्या लेखात चूक कबूल कर. नाहीतर मी पेपरवाल्यांना लिहीन, आणि माझं अक्षर वाईट असलं तरी तोंड चांगलं आहे.

पत्राची वाट बघते.
तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा आहे तसाच. बायकोला पेपर वाचता येऊ लागलाय, त्यामुळे माझ्या चुका आता घरातही निघतात. सूनबाईची पाठ बरी, नात शाळेत जाते.

तू तावातावाने लिहिलंस, पण लेखाला पुरावा लागतो. आई जिथे तिथे अंगठा उठवायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अशी बाई पडद्यावरची अक्षरं वाचायची असं लिहिलं, तर थिएटरं शोधणारं आमचं मंडळ मला वेड्यात काढेल. आणि तुझ्यापाशी काय लपवायचं? मागे बसायची ती गर्दी, त्या शिट्ट्या, ती शिवीगाळ. त्यात आपली आई गळा फाडून ओरडत उभी असायची, हे माझ्या व्याह्यांनी पेपरात वाचावं असं मला वाटलं नाही. आता दे काय शिव्या द्यायच्या त्या.

दुसरं म्हणजे, ती जागा आता एका हार्डवेअरवाल्याची आहे. पुढचा दर्शनी भाग तो ठेवतोय, मागची खोली पाडून माल उतरवायला जागा करतोय. मंडळाने माझं मत विचारलं. मागे जपण्यासारखं काही नाही, असं मी सहीनिशी लिहून दिलं. चुना खरवडला तेव्हा भिंतीवर काळ्या रंगात काही ओळी निघाल्या, पण त्या कुठल्याच लिपीत बसत नाहीत. कुणीतरी मारलेल्या रेघोट्या असाव्यात.

महिनाअखेरीस दर्शनी भागावर बाबांच्या नावाची पाटी लागणार आहे. पुढच्या रांगेत तुझी खुर्ची राखून ठेवलीय. राग गिळून ये.

लोभ आहेच, तो वाढवावास.
तुझा धाकटा


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

आज आशीर्वादही नाही आणि कुणाची तब्येतही विचारत नाही.

त्या रेघोट्या आईच्या आहेत.

तिला शाळेत कोण घालणार होतं? नवा सिनेमा आला की बाबा आधी एकदा लावून बघायचे. ते पुढून अक्षरं वाचायचे आणि ती पडद्यामागे झाडू बाजूला ठेवून बोटाने हवेत गिरवायची. अशी शिकली ती. मागून शिकली, म्हणून तिची सगळी अक्षरं उलटी. उलटं लिहिलेलं घडाघडा वाचायची, सुलटं समोर आलं की अडखळायची. भिंतीवर ती मागच्या लोकांसाठी लिहायची, कारण त्यातले कितीतरी तिच्यासारखेच शिकलेले होते. त्यांना ते सरळच वाटायचं.

आणि अंगठ्याचं ऐक. बोलपट आले, तिचं काम गेलं. पुढे एकदा कचेरीत सही करायची वेळ आली. तिने तिच्या पद्धतीने नाव लिहिलं. कारकुनाने तो कागद खोलीभर फिरवला. सगळे हसले, एकाने तर उठून तिला परत लिहून दाखवायला सांगितलं. मी तिचा पदर धरून उभी होते. तिने शाईत अंगठा बुडवला. त्यानंतर जन्मभर लेखणी धरली नाही. तोच अंगठा तू मला पुरावा म्हणून दाखवतोस! त्या कारकुनाला निदान ती कोण हे ठाऊक नव्हतं.

व्याह्यांची लाज वाटते तुला? तिच्या त्या ओरडण्यावर आपल्या घरात चूल पेटायची.

पत्र हातात पडेल तसा ऊठ. आरसा घे आणि त्या भिंतीसमोर धर. चहा घरी परतल्यावर पी.

ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बायकोचा हातआरसा घेऊन पळालो. मजूर आधीच कामाला लागले होते, निम्मी भिंत जमिनीवर. मी उरलेल्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. हार्डवेअरवाला म्हणाला, काका, तुमच्याच सहीचा कागद आहे माझ्याकडे. मंडळाचे अध्यक्षही धावत आले, तेही तेच म्हणाले. त्या सगळ्यांसमोर मला सांगावं लागलं, की मी खोटं लिहून दिलं, आणि का दिलं तेही.

मग आरसा धरला. वरच्या ओळी पडलेल्या होत्या. खाली एवढं उरलं होतं:

‘तान्ही पोरं आणली तरी चालतील. रडली तर मी जोराने वाचीन.’

मी ते दुसऱ्यांदा वाचायला लागलो, तोवर एका मजुराने माझ्या हातातून आरसा घेतला आणि बाकीच्यांना ते वाचून दाखवलं.

तेवढी भिंत ठेवायला हार्डवेअरवाला तयार झालाय, कुरकुरत. वरच्या ओळींत काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. ते माझ्यामुळे गेलं. दुरुस्ती पेपरात दिलीय, ‘आमच्या मातोश्री प्रेक्षकांना मार्गदर्शन करीत’ अशी. पाटीवर बाबांच्या नावाखाली तिचंही नाव घालतोय. तू येशील ना?

तुझा धाकटा


२३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. आज देते.

माझा राग गेलेला नाही, आणि पडलेल्या ओळींसाठी तो राहीलच. पण तू चारचौघांत तोंडाने कबूल केलंस, तेवढ्यापुरतं तुला जेवायला घालीन.

मार्गदर्शन कसलं करतोस रे? ती वाचायची. पेपरात तेवढंच लिही, ‘आमची आई वाचायची.’ मातोश्री वगैरे व्याह्यांच्या पत्रात ठेव.

आणि बाबांच्या नावाखाली तिचं नाव नको. बाबांची पाटी पुढे राहू दे, ते पुढचेच होते. तिची पाटी वेगळी कर, मागच्या गल्लीत, त्या उरलेल्या भिंतीवर. पुढच्या रांगेतली माझी खुर्ची उचल आणि तिथे गल्लीत मांड. शेजारी तुझी मांड, त्याच्या शेजारी व्याह्यांची. त्यांना तू स्वतः जाऊन बोलवायचंस, कशासाठी तेही सांगायचंस. हे जमणार असेल तर मी येते. नसेल तर पुढच्या रांगेत बसायला मला सवड नाही.

व्याही काय म्हणाले ते जसंच्या तसं कळव, आणि लगेच कळव. गाडीचं तिकीट तोवर काढत नाही.

तुझी ताई